वाटाण्यातले तण : खुरप्यापासून औषधापर्यंत



वाटाण्याची पेरणी जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, वाटाण्यातल्या तणाला औषध कोणतं मारू?" उत्तर या पत्रकाच्या शेवटी दिले आहे. पण आधी थोडा इतिहास वाचा. वाटाण्याच्या रानात माणसाने तणाशी कसा झगडा केला, कुठे जिंकला, कुठे फसला, हे कळले म्हणजे औषधाची बाटली हातात घेताना आपण दोनदा विचार करू. त्या विचारावर आपले पीक वाचते.

वाटाणा जुना, तणही तितकेच जुने

वाटाणा हे काही काल-परवा आलेले पीक नव्हे. पश्चिम आशियात हजारो वर्षांपूर्वी गहू, जव आणि मसूर यांच्या जोडीने माणसाने तो शेतात लावला. आपल्या महाराष्ट्राचेच बघा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ सालापासून तिथे बरीच वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत गहू, जव, तीळ यांच्याबरोबर वाटाण्याचे दाणेही मिळाले. म्हणजे घोड नदीच्या खोऱ्यात आपल्या पूर्वजांनी वाटाणा खाल्ला आहे.

जिथे पीक, तिथे तण. नांगरलेली मोकळी जमीन, खत आणि पाणी पिकाला आवडते तसे तणालाही आवडते. फरक एवढाच, की तणाला पेरावे लागत नाही. जुन्या माणसांनी त्यातूनही वाट काढली. चाकवत, घोळ, माठ, पाथरी ही रानात उगवणारी झाडे कोवळी असताना उपटायची आणि भाजीला न्यायची. तण निघाले आणि कालवणही झाले. आजही खुरपणीहून परतणाऱ्या बायांच्या ओट्यात चाकवताची जुडी दिसते, ती त्याच रिवाजातली.

हे सगळे काम हाताचे, आणि बहुतेक बायांच्या हाताचे. कुणी त्याला खुरपणी म्हणते, कुणी भांगलण, कुणी निंदणी. नाव निराळे, पण कंबर दुखायची तिथे दुखतेच. डॉ. जॉन ऑगस्टस व्होएलकर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आले. वर्षभर देशभर फिरून त्यांनी इथली शेती पाहिली आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापून निघाला. शेत तणापासून स्वच्छ ठेवण्याच्या बाबतीत इथल्या चांगल्या शेतकऱ्याचा हात धरणारा दुसरीकडे सापडणे कठीण, असा त्यांचा अभिप्राय होता. त्या स्वच्छ शेतांमागे कोणाचे श्रम होते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पाभर आली, कोळपे चालले

तणाच्या इतिहासातला पहिला मोठा शोध औषधाचा नाही. तो ओळीचा आहे. बी फेकून पेरले तर तणाला फक्त हातानेच काढता येते. बी ओळीत पेरले, की दोन ओळींमधून औजार चालवता येते.

इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास ओळीत बी पेरण्याचे यंत्र तयार केले आणि १७३१ साली घोड्याच्या कोळप्याने ओळींमधली जमीन मोकळी ठेवण्यावर पुस्तक लिहिले. तिकडे त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण आपल्याकडे पाभर, तिफण आणि कोळपे पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. १७९० च्या दशकात कॅप्टन हॉलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिणेत तेलुगू मुलखात शेतकऱ्यांना तिफणीने पेरताना पाहिले आणि तो चकित झाला. तोवर त्याला वाटत होते, की हे युरोपातले नवे यंत्र आहे!

आता वाटाण्यापुरते एक लक्षात घ्या. ज्वारीत कोळपे बरेच दिवस चालवता येते. वाटाण्यात तसे नाही. वाटाणा पाच-सहा आठवड्यांचा झाला, की त्याचे तणावे, म्हणजे वेलीचे आधाराचे दोरे, शेजारच्या ओळीला धरतात. ओळी एकमेकींत बांधल्या जातात. मग कोळपे घातले तर तण कमी आणि वाटाणाच जास्त ओढला जातो. मुळेही वरच्या थरात पसरलेली असतात. ती तुटली की त्यांवरच्या गाठी जातात आणि फुलोऱ्याला धक्का बसतो.

म्हणून कोळपणीची मुदत वाटाणा स्वतःच ठरवतो. तणाने पिकाचे खरे नुकसान करण्याचा काळही नेमका तोच, पेरणीपासून पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस. तेवढे दिवस रान स्वच्छ ठेवले तर पुढे वाटाणा स्वतःच्या पाल्याने जमीन झाकतो. ते दिवस हुकले, तर नंतर कितीही मजूर लावले तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही.

औषधे आली, पण वाटाण्यासाठी नव्हेत

आपल्या देशात तणावर रसायन वापरण्याचा पहिला प्रयत्न १९३७ साली पंजाबात झाला. रानकरडईच्या काटेरी तणावर सोडियम आर्सेनाइट फवारले गेले. ते सोमलाचे विष! माणसाला आणि जनावरालाही तितकेच घातक.

खरी क्रांती झाली ती दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंड आणि अमेरिकेत शास्त्रज्ञ वनस्पतींची वाढ घडवणाऱ्या द्रव्यांवर काम करत होते. त्यांच्यासारखीच बनवलेली काही रसायने जास्त प्रमाणात दिली तर रुंद पानाची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात, आणि गवतवर्गातल्या झाडांना विशेष इजा होत नाही, असे दिसून आले. युद्ध चालू होते तोवर यातले बरेचसे काम गुप्त राहिले. १९४५ साली टू-फोर-डी अमेरिकेत बाजारात आले आणि १९४६ साली ते हिंदुस्थानातही पोचले. गहू, ज्वारी, ऊस या पिकांत त्याने मोठे काम केले, कारण ही सगळी गवताच्या कुळातली.

आणि वाटाणा? वाटाणा रुंद पानाचा. टू-फोर-डीच्या नजरेने पाहिले तर चाकवत आणि वाटाणा सारखेच! ज्या औषधाने शेजारच्या गव्हाला जीवदान दिले, तेच वाटाण्याचे मरण. शेंडे पिळवटतात, देठ वाकडे होतात आणि झाड जागीच बसते. त्यासाठी थेट फवारणीच व्हायला हवी असे नाही. वाऱ्याने उडालेले तुषार पुरतात. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता वाटाण्यात नेला, तरी घात होतो. पिकाला चालणारे औषध आणि न चालणारे औषध यांतला भेद जगभरच्या वाटाणा पिकवणाऱ्यांना असाच शिकावा लागला.

वाटाण्याला चालणारे औषध

मग परदेशात वाटाण्यासाठी डायनोसेब नावाचे औषध बरीच वर्षे वापरले गेले. ते लागलेल्या भागापुरते जाळायचे. पण ते माणसाला फार विषारी. फवारणाऱ्या गर्भवती स्त्रीच्या पोटातल्या बाळाला त्यापासून व्यंग येण्याचा धोका आहे, असे दिसून आल्यावर अमेरिकेच्या सरकारने १९८६ साली त्याचा वापर तातडीने थांबवला. तिथल्या वायव्य भागातल्या वाटाणा आणि मसूर उत्पादकांनी "आमच्याकडे दुसरे औषध नाही" म्हणून कोर्टापर्यंत धाव घेतली. एकाच औषधाच्या भरवशावर पीक उभे केले, की ते औषध गेल्यावर काय होते, त्याचा हा धडा.

दुसरी गोष्ट मात्र मोठी सुंदर आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात वाय कॉलेज नावाचे शेतकी महाविद्यालय होते. तिथे प्राध्यापक लुई वेन यांनी १९५० च्या दशकात एमसीपीबी नावाच्या रसायनावर काम केले. हे रसायन मुळात निरुपद्रवी. पण काही तणांच्या अंगात गेल्यावर ती तणेच त्याचे विष बनवतात आणि त्याने मरतात. वाटाण्याच्या अंगात हा बदल फारच कमी होतो, म्हणून तो तगतो. तण आणि पीक दोन्ही रुंद पानाचे, तरी एक मरते आणि दुसरे जगते. औषधाची निवड पानाच्या आकारावरून होत नाही, झाडाच्या अंगातल्या रसायनावरून होते, हे त्या कामाने दाखवून दिले.

१९७० च्या दशकात आणखी एक वाट निघाली, ती तण उगवण्याआधीच त्याला गाठण्याची. फ्लुक्लोरॅलिन आणि पेंडीमिथॅलिन ही त्या वर्गातली औषधे. पेंडीमिथॅलिनचा पातळ थर जमिनीच्या वरच्या भागात राहतो. त्यातून उगवणाऱ्या बारीक बियांच्या कोंबांची आणि मुळांची वाढ खुंटते. वाटाण्याचे दाणे त्या थराच्या खाली, चार-पाच सेंटिमीटर खोल असतात, म्हणून ते सुटतात. याचा अर्थ असा, की बी उथळ पडले तर औषध पिकालाही लागते. आणि लव्हाळा, हराळी यांच्यावर त्याचा उपयोग होत नाही, कारण ती गाठीतून आणि काशीतून फुटतात.

औषधही थकते

औषध आले म्हणजे झगडा संपला, असे कुणी समजू नये. पंजाब आणि हरियाणात भातानंतर गहू, गव्हानंतर पुन्हा भात, असा एकच फेरपालट वर्षानुवर्षे चालला होता. गव्हातल्या गुल्ली-दंडा या गवतासाठी औषधही एकच, आयसोप्रोट्युरॉन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या गवताने औषधाला दाद देणे सोडले. कितीतरी शेतकऱ्यांना उभा गहू चारा म्हणून कापावा लागला. तिथे कामाला आलेल्या उपायांपैकी एक होता पीक बदलण्याचा. बरसीम, बटाटा, वाटाणा अशी पिके मध्ये घेतली, की त्या गवताची साखळी तुटते. म्हणजे वाटाणा नुसता तणाचा बळी नाही, फेरपालटीत तो तणाविरुद्धचे हत्यारही होतो.

तणाचे बी किती चिवट असते तेही ऐका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरले आणि जमिनीत पुरले. ठराविक वर्षांनी एकेक बाटली उकरून बी रुजते का ते पाहायचे. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतले काही बी १४२ वर्षांनीही रुजले! आता सांगा, बांधावर एक झाड बी धरेपर्यंत राहू दिले, तर त्याची फेड कोण करणार? आपले नातू!

बांधावरून आठवले. काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, आपल्या देशात १९५५ साली पुण्यात नोंदले गेले. तिथून ते देशभर पसरले. तेव्हा बांध आणि पाट स्वच्छ ठेवणे हे शेत स्वच्छ ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता आपण काय करावे?

१. शक्य असेल तिथे पेरणीपूर्वी रान ओलवा. तण उगवू द्या, वाफसा आला की कुळवाची पाळी द्या आणि मग पेरा. तणाचे पहिले पीक फुकटात मरते.

२. बियाणे चाळून, निवडून घ्या. अंकरीसारखी तणे वाटाण्याच्याच कुळातली आहेत. जे औषध वाटाण्याला सोडते, ते बहुधा त्यांनाही सोडते. त्यांना बियाण्यातच अडवा.

३. पेरणी ओळीतच करा. पहिली कोळपणी किंवा खुरपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी सहाव्या आठवड्याच्या आत, तणावे ओळी बांधण्यापूर्वी. सायकल कोळपे वापरले तर मजुरी वाचते आणि बायांची कंबरही. पावसाळी वाटाण्यात उघडीप मिळताच कोळपून घ्या, वाट पाहू नका.

४. औषध वापरायचेच असेल तर पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, तण उगवण्यापूर्वी, ओलसर जमिनीवर फवारा. संशोधन केंद्रांच्या प्रयोगांत हेक्टरी पाऊण ते एक किलो क्रियाशील घटक वापरला जातो. तीस टक्के तीव्रतेच्या औषधाचे ते अडीच ते सव्वातीन लिटर होते. त्याला सुमारे पाचशे लिटर पाणी लागते. फवारताना मागे-मागे सरकत जा, म्हणजे फवारलेला थर पायाने मोडत नाही. आणि एक खुरपणी तरीही ठेवाच.

५. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे औषधासोबत त्याच्या वापराची माहिती देणे बंधनकारक आहे. लेबलावर वाटाण्याचे नाव आहे का ते वाचा. नसेल, तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कृषी सहायकाला विचारा. वाटाण्याचे वेल आपण गुरांना घालतो, हेही विसरू नका.

६. टू-फोर-डीचा पंप वेगळा ठेवा. तो वाटाण्याच्या रानात नेऊच नका.

७. उशिरा राहिलेली कामोणी, चाकवत, गाजर गवत बी धरण्यापूर्वी हाताने उपटा. कामोणीची हिरवी फळे वाटाण्याच्या दाण्याएवढी असतात, आणि ती विषारी आहेत. सोललेल्या वाटाण्यात ती मिसळू देऊ नका.

बंधू-भगिनींनो, खुरपे, कोळपे आणि औषध ही एकमेकांची जागा घेणारी साधने नाहीत. एकट्या खुरप्याने बायांची कंबर मोडली, एकट्या औषधाने पंजाबातला गहू गेला. तिघांना जोडीने लावा, आणि तेही पहिल्या चाळीस दिवसांत. त्यानंतरचे दिवस वाटाणा स्वतः सांभाळतो.