सुरेल गुहेचे हरवलेले नाव

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील मल बेटावर गेलो होतो. तिथल्या फिनफोर्ट गावाच्या धक्क्यावरून स्टाफा बेटाकडे नाव जाते. गार वारा, उसळत्या लाटा, आणि सोबत घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या खायची हिंमत मात्र परतीच्या वाटेवरच झाली!

पाऊण तासाने स्टाफा दिसू लागले. समुद्रातून उभे राहिलेले काळ्या पाषाणाचे खांब, एकाला एक चिकटून, जणू पाथरवटाने घडवलेले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. तो थंड होताना आकसला आणि त्याला वरून खाली तडे गेले. त्यातून हे बहुतेक षटकोनी खांब तयार झाले. आपला सह्याद्रीही अशाच लाव्हारसाचा, पण थोडा जुना, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवावी. तिथे असेच खांब आहेत. प्राचीन नॉर्स दर्यावर्दींनी या बेटाचे नाव ठेवले, त्याचा अर्थच 'खांबांचे बेट'.

बाहेरच्या जगाला स्टाफाची ओळख करून दिली जोसेफ बँक्स यांनी. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा करून आलेले हे निसर्गशास्त्रज्ञ ऑगस्ट १७७२ मध्ये आइसलँडला जाताना वाटेत इथे उतरले. बेटावरची मोठी गुहा पाहून ते थक्क झाले. त्यांनी वाटाड्याला तिचे नाव विचारले. तो म्हणाला, "फिनची गुहा." फिन हा गेलिक दंतकथांमधला वीर. जेम्स मॅकफर्सनच्या काव्यांमुळे तो त्या काळी 'फिंगल' या नावाने युरोपभर गाजत होता. बँक्सचे वर्णन १७७४ मध्ये थॉमस पेनंट यांच्या प्रवासग्रंथात छापून आले आणि गुहेला 'फिंगल्स केव्ह' हे नाव कायमचे चिकटले.

खरी गंमत पुढेच आहे. १७८४ साली फ्रेंच भूवैज्ञानिक फोजास द सां-फों इथे आले. गुहेचे खरे नाव 'ॲन उआव वीन', म्हणजे 'सुरेल गुहा', असे त्यांना स्थानिकांकडून कळले. गेलिकमधल्या 'वीन' या शब्दाचा पाहुण्यांनी 'फिन' केला, असे त्यांचे म्हणणे. बँक्सना त्या दिवशी नेमके काय ऐकू आले, ते आता कोण सांगणार? त्या वाटाड्याचे नावही छापले गेले नाही.

पुढे इथे मोठमोठी माणसे आली. ऑगस्ट १८२९ मध्ये संगीतकार मेंडेलसोन आले. बोट लागल्याने बेजार झाले होते म्हणतात. 'हेब्रिडीज' या त्यांच्या प्रसिद्ध रचनेच्या सुरुवातीच्या ओळी त्यांनी आदल्याच दिवशी, गुहा पाहण्याआधी, घरी पाठवायच्या पत्रात लिहिल्या होत्या. ती रचनाही आज 'फिंगल्स केव्ह' म्हणूनच ओळखली जाते! चित्रकार टर्नर यांचे स्टाफाचे चित्र १८३२ मध्ये प्रदर्शित झाले. १८४७ मध्ये राणी व्हिक्टोरिया येऊन गेल्या. १९८६ पासून हे बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे.

आमच्या वेळी समुद्र खवळलेला असल्याने बेटावर उतरता आले नाही. नावाड्याने नाव गुहेच्या तोंडाशी नेली, इंजिन मंद केले आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितले. सुमारे सत्तर मीटर खोल गुहेत लाट आत शिरे, आणि क्षणभराने तंबोऱ्याच्या खर्जासारखा घुमणारा आवाज बाहेर येई. 'सुरेल' हा शब्द ज्यांनी योजला, त्यांनी रोज हेच ऐकले असणार.

आमच्या आडनावात 'ळ' आहे. शाळेत तो कोणालाच जमत नाही म्हणून लेकीने 'ल' चालवून घेतला होता. आम्हीही कधी काही म्हटले नाही. नावेत मी तिला वाटाड्याची ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गुहेकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "बाबा, त्याने परत एकदा सांगायला हवं होतं ना?"

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी नव्या बाईंना तिने आडनाव तीनदा म्हणून दाखवले. तिसऱ्या वेळी बाईंना 'ळ' जवळजवळ जमला म्हणे!