डोंगर वाचणारे क्षेपणास्त्र

भंडारदऱ्याच्या धरणावर उभे राहिले की समोर पाणी आणि भोवती सह्याद्रीचे डोंगर दिसतात. जवळच कळसूबाई, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. समजा, डोळे बांधून कोणी आपल्याला विमानातून या भागावरून नेले, तर आपण नेमके कोठे आहोत हे कळेल का? अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्राचा बराचसा इतिहास हा याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे.

क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे पंख आणि इंजिन असलेले, विमानासारखे उडत जाणारे, पण वैमानिक नसलेले अस्त्र. चार्ल्स केटरिंग यांनी १९१८ मध्ये बनवलेल्या अस्त्रात इंजिनाचे फेरे मोजले जात. ठरलेले फेरे पूर्ण झाले की इंजिन बंद पडे. वाऱ्याने वाट चुकवली, तर ते त्याला कळतच नसे. १९४४ मध्ये जर्मनीच्या व्ही-१ चे अवशेष मिळवून अमेरिकेने त्याची नक्कल केली. पुढचे 'स्नार्क' ताऱ्यांचा आधार घेई. तरीही डिसेंबर १९५६ मध्ये एक स्नार्क भरकटून ब्राझीलमध्ये नाहीसे झाले.

उत्तर सापडले ते जमिनीच्या चढउतारात. क्षेपणास्त्र हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची आपली उंची काढते, तर रडारने खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजते. पहिला आकडा १७०० मीटर आणि दुसरा ५४ मीटर आला, तर खालची जमीन १६४६ मीटर उंच आहे. अशा आकड्यांची ओळ साठवलेल्या नकाशाशी जुळवली की जागा कळते. 'टॉमहॉक'मध्ये ही पद्धत होती. मात्र जलाशयावर सगळे आकडे सारखेच येतात! म्हणूनच समुद्रातून सोडलेल्या टॉमहॉकला किनारा ओलांडल्यावरच ही जुळणी करता येई. पुढे उपग्रहांची मदत मिळाली.

हे वर्गात करून पाहता येईल. समोच्च रेषांच्या नकाशावर एक सरळ रेषा आखा, दर सेंटिमीटरला उंची लिहा आणि फक्त ते आकडे दुसऱ्या गटाला देऊन रेषा शोधायला सांगा. डोंगराळ भागात ती लवकर सापडेल, सपाटीवर नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. नाशिकजवळच्या ओझर येथून २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र बसवलेले सुखोई विमान प्रथम उडाले.

पण जागा अचूक कळली म्हणजे सारे कळले का? जून १९९३ मध्ये अमेरिकेने बगदादमधील गुप्तचर मुख्यालयावर २३ टॉमहॉक सोडली. त्यांतील काही घरांवर पडली आणि चित्रकार लैला अल-अत्तार मरण पावल्या. नकाशात उंची असते. त्या उंचीवर कोण राहते, हे त्यात नसते. समोच्च रेषा शिकवताना एवढेही मुलांशी बोलायला हवे, असे आम्हाला वाटते.