खेळण्यातला पोपट ते पोपटाचं खेळणं

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतली गॅलरी, हाफ पँटमधले बाबा आणि त्यांच्या डोक्यावर टांगलेला गोल लोखंडी पिंजरा. आत मिठू. एक वाटी पाण्याची, एक भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीची, मधोमध तारेचा झोका आणि झोक्याला बांधलेलं पितळी घुंगरू. मिठू दिवसभर ते वाजवायचा. पाहुणे कौतुकाने म्हणायचे, ‘काय खेळतो हो!’

फोटो नीट पाहिला तर दिसतं की मिठूच्या छातीवर पिसंच नाहीत. आजी म्हणायची, उन्हाळ्याने गळतात. बाबा म्हणतात, बाराही महिने तशीच होती.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या वर्षी आमच्याकडे कॉकाटील आला. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर केशरी ठिपका. पोपटांच्याच गणातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पहिल्या महिन्यात मी त्याच्या खेळण्यांवर दीड हजार रुपये उडवले. आरसा, प्लॅस्टिकची शिडी, रंगीत मणी, घंटी. त्याने यातल्या कशालाही चोच लावली नाही. माझ्या नोट्सचे कोपरे मात्र एका दुपारीत कुरतडून ठेवले. थोडक्यात, माझा पोपट झाला.

मग मी नीट विचार करायला बसले. पोपटाच्या खेळण्यांवर किती खर्च करावा, हा प्रश्न मुळात कधीपासून पडायला लागला? कारण पोपट पाळण्याची आपली हौस फार जुनी आहे आणि त्यातल्या बहुतेक काळात हा प्रश्न कुणाला पडलेलाच दिसत नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात सुखवस्तू शहरी माणसाच्या घराचं वर्णन आहे. भिंतीवर वीणा, चित्र काढायची फळी, एखादं पुस्तक आणि खोलीबाहेर ‘क्रीडाशकुनी’चे पिंजरे. क्रीडाशकुनी म्हणजे खेळायचे पक्षी. शब्द जरा उलगडून बघा. इथे पक्ष्याला खेळणं नाही, पक्षीच खेळणं आहे. त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक कला आहे. पोपटाने आपली करमणूक करायची. त्याची करमणूक कोण करणार, हा विषयच नव्हता.

मुंबईतही पक्षी मिळायचे ते याच हिशेबाने. १८६९ मध्ये बांधून झालेलं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, फळांइतकंच पाळीव प्राणी-पक्ष्यांसाठी ओळखलं जायचं. मंडईच्या दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, रुडयार्डचे वडील. त्यांनी १८९१ साली भारतातल्या माणसांच्या आणि जनावरांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं, त्यात पक्ष्यांवर आख्खं प्रकरण आहे. आमचा मिठूही याच मंडईतून, लोकलच्या गर्दीत, कागदी पिशवीला भोकं पाडून वांद्र्याला आला होता.

फुटपाथवरच्या ज्योतिषाचा पोपट आठवतो? पिंजऱ्यातून बाहेर यायचा, पाकिटांच्या ओळीतून एक ओढायचा, दाणा घ्यायचा, परत आत जायचा. आपल्याला त्याची दया येते आणि यायलाच हवी. पंख छाटलेलं आयुष्य ते. पण एक गोष्ट मला राहून राहून वाटते. शोधायचं, ओढायचं, मग खायचं, एवढं काम तरी त्याच्याकडे होतं. गॅलरीतल्या लाडक्या मिठूला तेही नव्हतं. त्याची वाटी सकाळीच भरलेली. खाऊन झालं की उरलेला दिवस घुंगरू.

हिरव्या पोपटाबद्दल शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे: खातो थोडं, नासतो फार. रेल्वेलाइनच्या पलीकडे, पाली हिलवर राहणाऱ्या सलीम अलींच्या १९४१ च्या पुस्तकातही त्याची ही ओळख आहे. पण पोपटाच्या बाजूने बघा. पेरू अर्धा टाकायचा, साल सोलायची, फांदी कुरतडायची, पुढच्या झाडावर जायचं. रानातल्या पोपटाचा दिवसाचा मोठा वाटा यातच जातो. पिंजऱ्यात ही नासाडी बंद होते. चोच मात्र तीच राहते. मग ती स्वतःच्याच पिसांकडे वळते.

हे सिद्ध व्हायला एकविसावं शतक उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात अ‍ॅमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर प्रयोग झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिल्लांना खाणं शोधून, ओढून, फोडून मिळवावं लागेल आणि चढाय-लोंबायला जागा असेल अशी सोय दिली. बाकीच्यांना साधा पिंजरा. साध्या पिंजऱ्यातल्या पिल्लांनी पिसं उपटली. नंतर त्यांनाही तशीच सोय दिली, तेव्हा पिसं सुधारली. तोवर आयरीन पेपरबर्ग यांचा ‘अ‍ॅलेक्स’ हा आफ्रिकन ग्रे पोपट रंग, आकार आणि सहापर्यंतच्या संख्या ओळखून प्रसिद्ध झालेला होता. काम कंटाळवाणं झालं की तो सरळ ‘परत जायचंय’ म्हणायचा. मिठूला फक्त ‘या बसा’ शिकवलं होतं.

इकडे कायदाही बदलत गेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होताच. १९९०-९१ पासून देशी पक्षी पकडण्या-विकण्यावर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिरवा पोपट अनुसूची दोनमध्ये आहे, म्हणजे मिठू आज पाळता येत नाही. त्याच्या जागी परदेशी पक्षी आले आणि त्यांच्यामागून खेळण्यांचा बाजार. मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे आंतरराष्ट्रीय यादीतले पक्षी असतील तर परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉकाटील आणि बजरीगर त्या यादीत नाहीत.

आता पैशांचं. माझी पहिली चूक अशी की खेळणं मी भांड्यासारखं घेतलं: एकदा घ्यायचं, वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे. खेळणं वाणसामानासारखं असतं. ते संपलं, तुकडे झाले, तरच पैसे वसूल. टिकलं म्हणजे पक्ष्याने वापरलंच नाही. सध्या मी महिन्याला तीनशे रुपये ठेवते आणि ते बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या कड्या आणि मऊ लाकडाच्या ठोकळ्यांवर जातात. एकदम तीनच खेळणी आत, बाकीची डब्यात, दर रविवारी अदलाबदल. कॉकाटीलला मऊ लाकूड पुरतं. मकावला टणक हवं आणि तो तेही एका दिवसात संपवील, तेव्हा पक्षी निवडतानाच हा खर्च मोजलेला बरा.

उरलेलं फुकट आहे. घासून धुतलेली नारळाची करवंटी, मक्याच्या कणसाची पानं, शेवग्याची शेंग, औषध न मारलेल्या कडुनिंबाची डहाळी, कागदाच्या पुडीत बांधलेले चार दाणे.

काय नको ते मात्र नीट लक्षात ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि साखळी नको, जस्त पोटात गेलं की विष होतं. सुटलेल्या धाग्यांची सुती दोरी नको, बोटं अडकतात आणि धागे गिळले तर अन्ननलिकेत गोळा होतो. एकट्या पक्ष्याला आरसा नको, तो प्रतिबिंबालाच जोडीदार समजून खाणं भरवत बसतो. आणि घुंगरू अजिबात नको. त्याच्या फटीत नख, चोचीचं टोक अडकतं. हे वाचलं त्या दिवशी मी तो फोटो पुन्हा काढून पाहिला.

आता कॉकाटीलच्या पुड्या बाबाच बांधतात. रविवारचा पेपर वाचून झाला की त्याच्या पट्ट्या फाडतात, दाणे गुंडाळतात, पिंजऱ्यात अडकवतात. परवा त्यांनी आजीला विचारलं, “मिठूला असा पेपर का नाही दिला गं आपण?”

आजी पट्ट्यांकडे बघत म्हणाली, “पेपर? अरे, रद्दीचे पैसे यायचे तेव्हा. त्यातून तर मिठूची डाळ यायची.”