मास्तर घडवण्याचा खर्च कोणाचा?

1846 साली ब्रिटिश सरकारने 13 वर्षांच्या पोरांसाठी एक करार आणला. शाळेत पाच वर्षे उमेदवारी करायची, दिवसा धाकट्या मुलांना शिकवायचे, शाळेच्या वेळेबाहेर हेडमास्तरांकडून रोज दीड तास स्वतः शिकायचे आणि दरवर्षी सरकारी इन्स्पेक्टरपुढे परीक्षेला उभे राहायचे. त्याबद्दल पहिल्या वर्षी 10 पौंड, वाढत वाढत पाचव्या वर्षी 20 पौंड. एका उमेदवाराला तयार करणाऱ्या मास्तरांनाही वर्षाला 5 पौंड. पाच वर्षे पार पडली की ‘क्वीन्स स्कॉलरशिप’ची परीक्षा, आणि ती मिळाली की ट्रेनिंग कॉलेजात राहण्या-शिकण्यासाठी सरकारी मदत. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत, ही आपल्याकडे पुढे आलेली कल्पना इथून निघाली.

तिचा कर्ता जेम्स के-शटलवर्थ हा पेशाने डॉक्टर. 1832च्या कॉलऱ्यात मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या वस्त्या त्याने आतून पाहिल्या होत्या. गरिबाघरचे मूल 13व्या वर्षी कमवायला लागते, हे त्याला ठाऊक होते. त्याला शाळेतच ठेवायचे तर त्याच्या घरची बुडणारी कमाई कोणीतरी भरून द्यायला हवी. नॉरफोकमधल्या गरिबांच्या एका वर्कहाउसमध्ये मास्तर आजारी पडले, तेव्हा एका पोरसवदा मुलाने वर्ग सांभाळला. हे पाहून त्याच्या मनात ही योजना मूळ धरू लागली. पुढे हॉलंडमध्ये तशीच पद्धत रीतसर चाललेली त्याने पाहिली.

पण थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवण्याची इंग्लंडमधली रीत त्याहून जुनी होती, आणि तिचे एक मूळ हिंदुस्थानात आहे. अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. 1790च्या आसपास त्याने तिथल्या देशी शाळेत मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. मास्तरांनी ती वापरायला नकार दिला तेव्हा त्याने मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतले. 1797 साली लंडनला त्याचे पुस्तक निघाले आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. आपल्या पंतोजींच्या शाळेतही जाणते विद्यार्थी लहानांकडून धुळाक्षरे गिरवून घेत. बेलची मुले मात्र बहुतेक फुकटात राबत. के-शटलवर्थने त्यांच्या कामाला दाम जोडला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे पाऊल आहे.

आठच वर्षांनी ते हिंदुस्थानात पोचले. 1854च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयीच्या सरकारी आदेशपत्रात, शिक्षक तयार करण्याची इंग्लंडची योजना इथे लागू करावी असे स्पष्ट लिहिले आहे, आणि तिचे टप्पे एका साखळीत सांगितले आहेत: उमेदवार निवडा, त्याला विद्यावेतन द्या, लायक ठरला तर नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, पाठवा, शिक्षण पुरे झाल्यावर सर्टिफिकेट द्या आणि तो मास्तर झाला की त्याला पुरेसा पगार मिळेल हे पाहा. शेवटची कडी विसरू नये. विद्यावेतनाचा अर्थ तिच्यामुळेच पुरा होतो.

मुंबई इलाख्यात मास्तर तयार करण्याचे काम याआधीच सुरू झाले होते. 1820च्या दशकात मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने तयार केलेल्या शिक्षकांची पहिली तुकडी जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. 1845 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या नॉर्मल क्लासची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. खलित्यानंतर पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज वाढले. मराठी शाळेची शेवटची परीक्षा, व्हर्नाक्युलर फायनल, झालेला मुलगा गावच्या शाळेत चिकटायचा, मग त्याला ट्रेनिंगला पाठवले जायचे. तिथे दरमहा स्टायपेंड आणि त्याच्या बदल्यात ठरावीक वर्षे सरकारी शाळेत नोकरी करण्याची हमी. ‘फर्स्ट इयर’, ‘सेकंड इयर’, ‘थर्ड इयर ट्रेण्ड’ ही बिरुदे मास्तरांच्या नावामागे कायमची लागत आणि त्यांवर पगार ठरत असे. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या घरात पहिला नोकरदार यायचा तो पुष्कळदा याच वाटेने.

बायकांसाठी ही वाट उशिरा उघडली. 1866 साली इंग्लंडच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात आल्या आणि स्त्रियांसाठी नॉर्मल स्कूल हवीत असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला. त्यानंतर पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघाले. पुढे रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने हे काम हाती घेतले. माहेर-सासर दोन्हींचा आधार तुटलेल्या विधवेला महिन्याच्या स्टायपेंडवर शिकता येणे आणि शिकून स्वतःच्या पगारावर उभे राहता येणे, याचे मोल रुपयांत सांगता येणार नाही.

साखळीची शेवटची कडी मात्र कच्ची राहिली, आणि ते नेमके ओळखले जोतीराव फुल्यांनी. 1882 साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितले की प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा आणि त्याला 12 रुपयांहून कमी पगार नसावा. मोठ्या गावात 15 किंवा 20 द्यावेत. शिक्षण, समाज आणि पगार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. ती मागणी सरकारपेक्षा लोकांनीच अधिक मनावर घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, आणि त्यांच्या संस्थेने पुढे खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढल्या.

इंग्लंडमध्ये दरम्यान बरेच घडले. 1862 साली शिक्षण खाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो याने उमेदवारांना थेट मिळणारे सरकारी विद्यावेतन बंद केले आणि थोड्याच वर्षांत उमेदवारांची संख्या घसरली. पुढे विद्यापीठात शिकण्यासाठी अनुदान आणि त्याबदली शिकवण्याची लेखी हमी, अशी पद्धत आली. कोळसा खाणकामगाराचा मुलगा, पुढे कादंबरीकार झालेला डी. एच. लॉरेन्स उमेदवार-शिक्षक होऊनच कॉलेजात पोचला. 1990 साली मात्र विद्यार्थी कर्ज आले, 1998 साली फी आली, आणि 2000 साली शिक्षक मिळेनासे झाल्यावर सरकारला प्रशिक्षणार्थींसाठी 6,000 पौंडांची मदत जाहीर करावी लागली. अमेरिकेत 1958च्या कायद्याने शिक्षक होणाऱ्याचे अर्धे कर्ज माफ होऊ शकत असे. 2007च्या ‘टीच ग्रँट’मध्ये आठ वर्षांत चार वर्षे गरजेच्या शाळेत शिकवले नाही तर अनुदानाचेच कर्ज होते. कागद वेळेवर पोचले नाहीत म्हणून प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या अनेकांच्या डोक्यावर असे कर्ज बसले. पुढे ते मागे घेण्याची व्यवस्था करावी लागली.

महाराष्ट्रात साखळी जवळजवळ उलटी झाली आहे. स्टायपेंड देणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजांच्या जागी खासगी, विनाअनुदानित डी.एड. कॉलेजांचे पेव फुटले. 2008 साली राज्य सरकारचा विरोध असताना 291 कॉलेजांना मान्यता मिळाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. तपासणीत त्यांतली बहुतेक कॉलेजे निकषांत बसली नाहीत. 2014च्या नियमांनी बी.एड. एकाऐवजी दोन वर्षांचे झाले, म्हणजे फीचे आणि बिनकमाईचे आणखी एक वर्ष. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचा आधार आहे, पण बाकीच्यांपैकी कित्येकांना घरच्या सोन्याचा किंवा बँकेच्या कर्जाचाच.

बँकेचा नियम पूर्वी साधारण असा होता की अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा हप्ते सुरू होत. इकडे 2012 साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली, आणि भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती 2017च्या डिसेंबरात. त्या काळात कर्ज काढून बाहेर पडलेल्या मुलामुलींना बँक थांबायला तयार नव्हती. ज्यांना अखेर जागा मिळाली ते आधी तीन वर्षे पगाराऐवजी मानधनावर काम करणारे शिक्षण सेवक झाले. 2023 साली प्राथमिकचे हे मानधन 16,000 झाले. तोवर महिन्याला 6,000 रुपये मिळत. पूर्वी उमेदवारीत शिक्षण मिळे आणि त्याचे पैसेही मिळत. आता शिक्षणाचे पैसे स्वतः भरायचे आणि उमेदवारी त्यानंतर करायची. याला मी अन्यायच म्हणेन.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी मोठ्या संख्येने गुणवत्ता शिष्यवृत्त्या देण्याचे लिहिले आहे. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी खास शिष्यवृत्ती आणि शिक्षण पुरे झाल्यावर आपल्याच भागात नोकरीत प्राधान्य, असेही त्यात आहे. म्हणजे 1854चे कलम पुन्हा कागदावर आले. ते खरे करायचे तर शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापासून हाती पडली पाहिजे, भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात झाली पाहिजे, आणि रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या महिन्यापासून पूर्ण वेतनश्रेणी मिळाली पाहिजे. या तिन्हींतली शेवटची गोष्ट करायला राज्याला कोणत्याही नव्या धोरणाची वाट पाहावी लागत नाही.