बोंडअळी, बीटी आणि एका प्रथिनाची घडी

मी बी.ए. झालेला माणूस. त्यात कवी. तेव्हा प्रथिनांच्या इतिहासावर मी का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण आमच्या केदारखेड्याच्या शिवारात आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि त्यात वर्षानुवर्षं कपाशी. आमच्या घरात दखनी बोलली जाते, बांधावर मराठी. या दोन्ही भाषांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक शब्द सारखाच रुळला, तो म्हणजे ‘बीटी’. हा शब्द सगळे वापरतात, पण त्याच्या पोटात काय आहे ते फारसं कुणी सांगत नाही.

बीटी कपाशी नवी होती तेव्हा लोक विचारायचे, “अळीला जे मारतं ते माणसाला कसं मारत नाही?” पुढे २०१७ साल आलं आणि प्रश्न उलटा झाला. आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने मला विचारलं, “चाचा, बियाणं तेच, पाकीट तेच, मग आता अळी का मरत नाही?” प्रश्न दोन दिसतात, पण उत्तर एकाच गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे एका प्रथिनाचा आकार. त्या आकाराचा शोध कसा लागत गेला, तेच आज सांगायचं आहे.

ही गोष्ट कपाशीपासून नव्हे, रेशमापासून सुरू होते. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाचे किडे अचानक मरू लागले होते. इशिवाता नावाच्या संशोधकाला मेलेल्या किड्यांत एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या अळ्यांत तसाच जिवाणू मिळाला. ज्या थुरिंगिया प्रांतात तो मिळाला त्यावरून त्याचं नाव पडलं ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’. आपलं ‘बीटी’ हे त्याचंच लघुरूप. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये या जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक विक्रीला आलं. तो अळीला नेमका कसा मारतो याचा उलगडा मात्र १९५०च्या दशकात झाला. या जिवाणूच्या पोटात एक बारीकसा स्फटिक तयार होतो. तो प्रथिनाचा असतो आणि खरा घात तोच करतो.

आता प्रथिन म्हणजे काय? डाळीत असतं ते प्रथिन, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्रथिन, केस हेही प्रथिन आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन हेही प्रथिनच. प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. मणी वीस प्रकारचे, माळ शेकडो मण्यांची. पण माळ लांब ताणून ठेवली तर तिचा काही उपयोग नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते, तिची ठरावीक घडी बसते आणि मगच ती कामाला लागते. दोरीचा गुंता आणि दोरीची गाठ यांत जो फरक, तोच इथे असतो. दोरी तीच, पण गाठीने बैल बांधता येतो.

ही घडी कोण घालतं? अमेरिकेत क्रिश्चन ॲनफिन्सन यांनी १२४ मण्यांचं एक प्रथिन घेतलं, रसायनं घालून त्याची घडी पूर्ण मोडली आणि मग ती रसायनं काढून टाकली. ते प्रथिन आपलं आपण पुन्हा मूळ आकारात आलं. म्हणजे घडीची सूचना मण्यांच्या क्रमातच लिहिलेली होती. या कामासाठी त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

या विद्येत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर १९६३ मध्ये एक नकाशा मांडला. माळेतला प्रत्येक सांधा किती अंशांतून वळू शकतो आणि किती अंशांत वळला तर अणू एकमेकांवर आदळतील, याचा तो हिशेब होता. आजही जगात कुठेही नव्या प्रथिनाचा आकार मांडला की तो ‘रामचंद्रन नकाशा’वर तपासून पाहतात. पुढच्या पिढीत जयंत उदगावकर यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरूमधल्या केंद्रात सेकंदाच्या हजाराव्या भागात घडी कशी बसते याचा अभ्यास केला. एकाच प्रथिनाला घडी बसण्याच्या वाटा अनेक असतात, हे त्यांच्या कामातून दिसलं. ते पुढे पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झाले.

आता पुन्हा बीटीकडे येऊ. १९९१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बीटी कुळातल्या एका प्रथिनाचा आकार प्रथमच अणूंच्या पातळीवर पाहिला. त्याचे तीन भाग दिसले. एक भाग सात पिळांच्या मोळीसारखा. तो आतड्याच्या पेशीला भोक पाडतो. उरलेले दोन भाग पेशीवर पकड घेण्याच्या कामाचे. आपल्या कपाशीत जे प्रथिन आलं ते याच कुळातलं. त्याचं नाव क्राय-१-एसी. मुळात ते साधारण १२०० मण्यांचं असतं. अळीच्या आतड्यात क्षार जास्त असतो. तिथे ते विरघळतं, अळीचेच पाचकरस त्याला छाटतात आणि साधारण ६०० मण्यांचा मारक भाग मोकळा होतो. हा भाग आतड्याच्या पेशीवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. किल्ली कुलपात बसावी तसा तो बसतो. मग पेशीला भोकं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते.

माणसाच्या पोटात क्षाराऐवजी आम्ल असतं आणि या किल्लीला बसेल असं कुलूप आपल्या आतड्यात नसतं. लोकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. बीटी हे सगळ्यांना सारखं लागणारं विष नव्हे. ती एका विशिष्ट कुलपाची किल्ली आहे.

जिवाणूतली ही किल्ली झाडात कशी आली? १९८१ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी या प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं. १९८७ मध्ये बेल्जियममध्ये ते तंबाखूच्या झाडात घातलं गेलं. १९९६ मध्ये बीटी कपाशी अमेरिकेच्या शेतांत उभी राहिली. आणि तिथून ही गोष्ट थेट आमच्या जिल्ह्यात येते. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणं कंपनी सुरू केली होती. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या बीटी कपाशीशी आपल्या वाणांचा संकर करून याच कंपनीने भारतातले पहिले बीटी संकरित वाण तयार केले. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने त्यांतल्या तिघांना मंजुरी दिली. २००६ मध्ये दोन प्रथिनांची कपाशी आली. दहा-बारा वर्षांत देशातलं ९० टक्क्यांहून अधिक कापसाचं क्षेत्र बीटीखाली गेलं. त्याआधी हिरव्या बोंडअळीसाठी आमच्याकडे पंप पाठीवरून उतरत नसे. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना या किल्लीची किंमत सांगावी लागत नाही.

पण अळी हीसुद्धा जिवंत गोष्ट आहे. गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झालं, तेही भारतातल्याच, भडोचच्या कापसावरून. म्हणजे ती या मातीत बीटीच्या कितीतरी आधीपासून राहते आहे. लाखो अळ्यांत एखादीचं कुलूप जन्मतःच थोडं वाकडं असतं. बीटी नसेल तेव्हा त्याचा तिला काही फायदा नसतो. पण शिवारभर बीटीच असेल तर बाकीच्या मरतात आणि वाकड्या कुलपाचीच तेवढी उरते. तिचे पतंग आपसांत जुळले की पुढच्या पिढीतही तेच कुलूप येतं. यालाच उत्क्रांती म्हणतात. ती फक्त लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे. आमच्या शिवारात ती पंधरा वर्षांत घडली.

शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं वेगळं पाकीट मिळत असे. गावात त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत. नियम असा होता की, बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण कपाशीच्या २० टक्के, यांत जे जास्त असेल तेवढं लावायचं. त्या साध्या झाडांवर सरळ कुलपाच्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग वाकड्या कुलपाच्या पतंगांशी जुळतील आणि त्यांची पिल्लं बीटी खाऊन मरतील, असा तो हिशेब. चार ओळींत सांगता येईल एवढी सोपी गोष्ट. पण आमच्याकडे ती कुणी चार ओळींत सांगितली नाही. ज्याची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याला जाणूनबुजून अळीला खाऊ घालायला सांगायचं, तर त्यामागचं कारणही त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं. बहुतेक पाकिटं बांधावर पडून राहिली.

आणखीही कारणं होती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की, बीटी प्रथिन पानांत भरपूर असतं, पण फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत, म्हणजे जिथे अळी घुसते तिथेच, ते कमी असतं. पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी तर ते मारक पातळीच्याही खाली जातं. आपले वाण संकरित, त्यामुळे एकाच बोंडातल्या काही सरकीत बीटी असतं आणि काहींत नसतं. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. तिला अर्धवट मात्रेची सवय होण्याची सोयच झाली. त्यात फरदड घेण्याची चाल, म्हणजे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं. हिरव्या अळीला तूर, हरभरा अशी दुसरी पिकं चालतात, तिथे सरळ कुलपाच्या अळ्या वाढत राहतात. गुलाबी अळीची भिस्त मुख्यतः कपाशीवरच आहे.

मार्च २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. २०१४ मध्ये भारतीय अळ्यांचं कॅडहेरिन तपासलं गेलं, तेव्हा त्यात नाना तऱ्हेचे बिघाड सापडले. कुठे तुकडा गळलेला, कुठे भलत्याच ठिकाणी जोड. आपल्याकडे सगळ्यांनी एकच किल्ली वापरली आणि अळीने कुलूप अनेक तऱ्हांनी बदललं. दोन प्रथिनांच्या कपाशीवरही ती जगू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात डोमकळ्या आणि कवडी कापूस घरोघरी दिसला. आमच्या शेतातही दिसला. वेचणीला आलेल्या बायका बोंड उकलून दाखवायच्या आणि काही न बोलता पुढच्या झाडाकडे जायच्या. त्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

मग किल्ली नव्याने घडवता येणार नाही का? येते. मेक्सिकोतल्या मारिओ सोबेरोन आणि अलेहांद्रा ब्राव्हो यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये बीटी प्रथिनाच्या सुरुवातीचा एक छोटा भाग कापून टाकला. हे छाटलेलं प्रथिन कॅडहेरिनच्या कुलपावाचूनही काम करतं आणि प्रयोगशाळेतल्या प्रतिकारक्षम गुलाबी अळ्या त्याने मेल्या. २०१६ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने तर अळीचीच युक्ती उचलली. विषाणूंच्या मदतीने त्यांनी क्राय-१-एसीला पाचशेहून अधिक पिढ्यांतून नेलं आणि दर पिढीत नव्या कुलपाला अधिक चांगलं चिकटणारं तेवढंच ठेवलं. शेवटी जे प्रथिन निघालं ते कोबीवरच्या प्रतिकारक्षम अळीला मूळ प्रथिनापेक्षा तीनशेपटीहून अधिक मारक ठरलं. प्रयोगशाळेत उत्क्रांती घडवण्याच्या या विद्येसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

त्यानंतर संगणक आला. २०२० मध्ये ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीने मण्यांच्या क्रमावरून घडी ओळखण्याचं पन्नास वर्षांचं कोडं पुष्कळ अंशी सोडवलं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. निम्मा वाटा डेव्हिड बेकर यांचा. निसर्गात कधीच नव्हती अशी प्रथिनं ते आराखडा काढून घडवतात. ज्या वॉशिंग्टन विद्यापीठात बीटीचं जनुक वेगळं झालं होतं, तिथलेच ते प्राध्यापक.

म्हणजे उद्या नवी किल्ली येईलही. पण तिच्यासमोरही अळीच असणार आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिथे बीटी एकटं नव्हतं. आधी साध्या कपाशीच्या ओळी पाळल्या गेल्या, मग वांझ पतंग सोडले गेले, कामगंध सापळे लावले गेले आणि पीक संपताच पऱ्हाट्या मोडून जमिनीत गाडल्या गेल्या. सगळ्या शेतकऱ्यांनी ते एकाच वेळी केलं. आपल्याकडेही फरदड न घेणं, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर न ठेवणं आणि सापळे लावणं आपल्या हातात आहे. पण ते एका शेतात करून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही.

मी भाषेत काम करणारा माणूस आहे, म्हणून एवढंच मागणं मांडतो. ज्या प्रथिनाचा एकेक अणू केंब्रिजमध्ये मोजला गेला, त्याची गोष्ट ज्याच्या शेतात ते उगवतं त्याला नीट मराठीत कळायला हवी. पुढचं बियाणं कुणीही घडवो, त्याच्याबरोबर हंगामाच्या आधी गावात येऊन किल्ली काय, कुलूप काय आणि अळीसाठी चार ओळी का सोडायच्या, हे सांगणारा माणूसही आला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)