दुसरा तंबोरा

उतारवयात नवे वाद्य घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे आणि त्रैमासिकाच्या पानांवर तो कशासाठी, असे कोणी म्हटले तर त्यात नवल नाही. परंतु ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तंबोरा ही वस्तू कधीच निव्वळ घरगुती नव्हती. लष्करातील कित्येक घरांत देवघरालगतच्या कोपऱ्यात खोळ घातलेला तंबोरा उभा असे. मालकी एकाची असे, पण त्यावर बसणारे पुष्कळ असत. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्याकडे दुसरा तंबोरा घेण्याचा विषय निघाला, तेव्हा जमाखर्चाच्या वहीआधी आम्हांला इतिहासाकडेच वळावे लागले.

आमचे बिऱ्हाड दाल बाजारात. खाली डाळींच्या घाऊक पेढ्या, वर आमच्या तीन खोल्या. सकाळी पोत्यांची चढउतार सुरू झाली की तुरीची, हरभऱ्याची बारीक धूळ खिडकीतून येऊन प्रत्येक वस्तूवर बसते. धान्याच्या बाजारात उंदीर आलेच. तंबोऱ्याची खोळ आम्ही आजवर चार वेळा बदलली आहे. त्यातून ग्वाल्हेरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की लाकूड आक्रसते आणि रात्री सांधे बोलू लागतात.

आजोबांनी मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आणवली होती. पुढे वाटण्या झाल्या, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर तीही वाटली गेली. एक आमच्याकडे राहिला, दुसरा इंदूरच्या चुलत्यांकडे गेला. तिकडे तारा उतरवून तो दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्यात आला. पाहुण्यांना तो फार आवडतो. उरलेल्या एकावर आम्ही चाळीस वर्षे पहाटे बसत आलो. गवई म्हणवून घ्यावे असे आमचे गाणे नव्हे, पण ते रोजचे होते. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या भोपळ्याला तडा गेला. तडा सांधून घेतला, नाद बराचसा परतलाही. परंतु खरजाच्या तारेतून पूर्वी जो गंधार आपसूक उमटे, तो आता कान देऊन शोधावा लागतो.

आता इतिहासाकडे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या तळाचेच पुढे लष्कर झाले आणि देशावरून व कोकणातून आलेली आपली घराणी येथे रुजली. दरबारी हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ हे गवई होते आणि त्यांच्या ख्यालगायकीची कीर्ती दूरवर पोहोचली होती. लवकरच मराठी मुले या उस्तादांपुढे बसू लागली. वासुदेवबुवा जोशी हे त्या पहिल्या पिढीतील शिष्य. त्यांच्याकडून विद्या घेण्यासाठी कोल्हापूरकडील एक तरुण पायपीट करीत उत्तरेस आला. तेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (जन्म १८४९). विद्या संपादून ते दक्षिणेस परतले, मिरजेस राहिले, आणि तेथेच कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्या हाताखाली तयार झाले. विष्णू दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. महाराष्ट्रातील ख्यालगायनाचा एक मोठा प्रवाह असा ग्वाल्हेरहून मिरजेकडे वाहत गेला, हे आपल्या मंडळींना नव्याने सांगावयास नको.

उलट दिशेने काय आले, हे मात्र क्वचितच बोलले जाते. गायकी दक्षिणेस गेली आणि तंबोरे उत्तरेस आले. मिरजेत १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना पाणी आणि धार देणाऱ्यांचे. संस्थानांची लढाईची कामे संपली, तेव्हा हत्यारे पेलणारे हे हात लाकडाकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला आणि पाहता पाहता सतारमेकरांची एक गल्लीच उभी राहिली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) मिरजेस स्थायिक झाले होते. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीत उत्तम गती होती. गवई आणि कारागीर एकाच गावात नांदल्यामुळे मिरजेच्या तंबोऱ्याला गवयाचा कान लाभला, असे आमचे मत आहे.

हा तंबोरा घडतो कसा, हे पाहिले म्हणजे तो उठसूट का घेऊ नये तेही कळते. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. खावयाच्या भोपळ्याहून ही जात निराळी, जाड सालीची आणि कडू. वेलावर पिकलेला भोपळा महिनोन्‌महिने वाळवतात, मग वरचा भाग कापून पाण्यात भिजवतात आणि आतून काठ्यांचा ताण देऊन त्याला आकार आणतात. दांडी व तबली तुनीच्या लाकडाची. खुंट्या, मणी, घोडी बसली, चपडीचे पॉलिश झाले, तरीही वाद्य मुकेच असते. घोडीचा माथा अगदी किंचित घासून त्याला जो उतार देतात, ती जवारी. त्या उतारावर तार निसटती टेकते, खाली सुताचा धागा सरकवला की नाद फुलतो आणि एका तारेतून अनेक स्वर झिरपू लागतात. ही कला कारागिराच्या बोटांत आणि कानांत असते. तिचे माप पट्टीवर नसते. पूर्वी घोडीला आणि नक्षीला हस्तिदंत वापरीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते थांबले, आणि थांबले तेच बरे झाले.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. दोन्ही बातम्या आम्ही वर्तमानपत्रांतून कापून ठेवल्या. तंबोरा मात्र त्या दिवसांत तडा सांधून कोपऱ्यात उभा होता.

घरात मते पडली. पुण्याहून चिरंजिवांनी फोनवर सांगितले, “बाबा, हे वस्तू कमी करण्याचे वय. तुमच्यानंतर तो कोण लावणार?” सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा होता. “अहो, एकाची धूळ पुसताना पाठ धरते, दुसऱ्याची कोण पुसणार?” किंमत साधारण आमच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढी, तेव्हा तोही भाग होताच. पाठिंबा मिळाला तो नातवाचा. त्याच्याकडे तीन गिटारी आहेत आणि चौथीचे बोलणे चालू आहे. त्याचे म्हणणे असे की, नायलॉनच्या तारांची गिटार वेगळी, पोलादी तारांची वेगळी, विजेवरची तर अगदीच वेगळी. प्रत्येकीचा आवाज निराळा, म्हणून प्रत्येकीची गरज निराळी.

गिटारीपुरते त्याचे म्हणणे आम्हांला पटले. वादक वयाने वाढला, बोटे आखडली, तर हलकी आणि मऊ तारांची गिटार घेण्यात शहाणपण आहे. पण तंबोऱ्याची गोष्ट उलटी आहे. दुसरा तंबोरा वेगळ्या आवाजासाठी घेत नाहीत, पहिल्यासारख्याच आवाजासाठी घेतात. गवयाच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, दोन तंबोरे एकाच षड्जात जुळलेले असतात. पहिली तार एकावर पंचमात, तर दुसऱ्यावर रागाप्रमाणे निषादात किंवा मध्यमात लावलेली. आणि त्या दुसऱ्या तंबोऱ्यावर कोण बसे? शिष्य बसे.

येथे आमच्या विचाराला खरी दिशा मिळाली. ग्वाल्हेरच्या गुरुघरांत तंबोऱ्यावर मागे बसणे ही निम्मी तालीम होती. तारा छेडता छेडता गुरूची जागा कशी येते, श्वास कोठे मोडतो, सम कशी गाठतात, हे शिष्य दोन हातांच्या अंतरावरून ऐके. नत्थूखाँचे चिरंजीव निसार हुसेन खाँ जयाजीरावांच्या मृत्यूनंतर (१८८६) शंकरराव पंडितांच्या कुटुंबात राहिले. एका मराठी ब्राह्मणाच्या घरात एका उस्तादाचे बिऱ्हाड, त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित (१८९३–१९८९) याच वातावरणात वाढले. त्यांनी १९१४ मध्ये येथे गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला वडिलांचे नाव जोडले गेले. दीर्घायुष्याच्या अखेरच्या पर्वापर्यंत ते गात होते, आणि मागे तंबोऱ्यावर तरुण मंडळी बसत होती.

तेव्हा वयाचा मुद्दा आम्ही बाजूस ठेवला. भातखंडे सत्तावन्न वर्षांचे होते, तेव्हा जानेवारी १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने येथील माधव संगीत विद्यालय उघडले. त्यासाठी स्वरलेखनाची नवी पद्धत शिकावयास ज्या गवयांना मुंबईस धाडले, त्यांत राजाभैय्या पूछवाले (१८८२–१९५६) होते. पस्तिशीतला मुरलेला गवई पुन्हा पाटी घेऊन बसला. आमची सत्तरी या नावांपुढे कोणत्याच अर्थाने उभी करण्यासारखी नाही. एवढेच म्हणावयाचे की, नवे काही घरात आणण्यास वय आडवे येते, असे या शहराचा इतिहास सांगत नाही.

मग यंत्राचा तंबोरा का नको, असेही विचारले गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याची निर्मिती सुरू झाली, आणि आता तर तो भ्रमणध्वनीत येऊन बसला आहे. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. नव्या वाद्याला नाक मुरडण्याची ग्वाल्हेरची रीत नव्हे. जयाजीरावांचे पुत्र भैय्या गणपतराव यांनी परदेशातून आलेली पेटी हाती घेतली आणि तिच्यातून ठुमरी अशी काढली की भलेभले गवई थक्क झाले. त्याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके बाहेर बसवले होते, हे विसरून चालणार नाही. प्रवासात, आजारपणात, एकट्याच्या रियाजाला यंत्र फार उपकारक आहे. आमच्या उशाशीही एक आहे. फक्त ते लावावे लागत नाही. कळ दाबली की ते लागलेलेच असते. ज्याला शिकायचे आहे, त्याने रोज खुंटी पिळावी, मणी सरकवावा, दोन जोडीच्या तारा एक झाल्या की नाही हे कानाने ठरवावे, चुकावे, पुन्हा ठरवावे. ही अर्ध्या तासाची खटपट यंत्र वाचवते, आणि नेमकी तीच वाचवू नये.

आता जे सांगायचे राहिले ते सांगतो. खालच्या पेढीवाल्यांची नात, वय वर्षे बारा, गेली दोन वर्षे संध्याकाळी वर येते. घरात कोणी गाणारे नाही. आमचा पहाटेचा सूर जिन्यातून ऐकून तीच एक दिवस दारात उभी राहिली. आमच्या नातवंडांचे ऐकून तीही आम्हांला ‘आजोबा’ म्हणते आणि बाकी सारे हिंदीत बोलते. भूप आणि यमन तिच्या गळ्यावर बसले आहेत. पण आमचा तंबोरा काळी एकचा. तिला तो फार खाली पडतो, आणि तिच्या स्वराला चढवला तर सांधलेला भोपळा आणि जुन्या तारा दोन्ही कुरकुरतात. ती यंत्रावर गाते. परवा तिने विचारले, “आजोबा, ये लगाना मैं कब सीखूँगी?”

आम्हांला वाटत होते की फुटलेली जोडी पुरी करावी. इंदूरला गेलेल्या तंबोऱ्याची जागा भरावी, आजोबांची बैठक जशी होती तशी पुन्हा मांडावी. खरे सांगायचे तर मोह तोच होता, आणि चिरंजिवांचा प्रश्न त्या मोहाला बरोबर लागला होता. आमच्या स्वराचा दुसरा तंबोरा आमच्यानंतर खरोखरच कोणी लावणार नव्हते. तोही एखाद्या भिंतीवरच गेला असता. शिष्य मागे बसे म्हणून जोडी असे. शिष्यावाचून जोडी म्हणजे दुहेरी धूळ, आणि ती पुसण्याबद्दल सौभाग्यवतींचे मत वर दिलेच आहे.

मुलीच्या आजोबांशी बोलणे झाले. त्यांनी आधी भाव विचारला, मग टिकतो किती ते विचारले. डाळीच्या व्यापाऱ्याने आणखी काय विचारावे! निम्मे पैसे त्यांनी देऊ केले. आम्ही ते घेतले, कारण घरच्यांचा पैसा गुंतला म्हणजे मुलीचा रियाज चुकत नाही, असा आमचा शिक्षकी अनुभव आहे. वाद्य तूर्त वरच राहील, कारण खाली उंदीर अधिक. गोवा एक्स्प्रेस मिरजेसही थांबते आणि ग्वाल्हेरलाही, तेव्हा मालडब्यात न टाकता चिरंजीव ते स्वतः घेऊन येतील, असे ठरले. “बाबा, भोपळ्यासाठी वेगळी बर्थ काढू का?” असे ते म्हणाले खरे, पण आवाजात पूर्वीचा विरोध नव्हता.

मग आम्ही मिरजेस फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला तो किमतीचा नव्हे. “तंबोरा कुणासाठी? पुरुषांचा की बायकांचा? सूर कोणता?”

काळी चार, असे आम्ही कळवले.