विधी सेवा समिती, तालुका
विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये तालुक्याच्या न्यायालयात स्थापन होणारी आणि वकील देण्याची ऐपत नसलेल्या व्यक्तीस विनाशुल्क कायदेशीर साहाय्य पुरविणारी वैधानिक, म्हणजे कायद्यानेच निर्माण केलेली, संस्था. तालुक्यातील ज्येष्ठतम न्यायाधीश तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. तिच्या वर जिल्हा, राज्य व राष्ट्रीय प्राधिकरणे अशी उतरंड असून जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे असते.

अशा साहाय्याचा विचार मुंबई इलाख्यात जुना आहे. मुंबईत १९२४ मध्ये बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली आणि १९४९ मध्ये न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने या प्रश्नावर समिती नेमली. तथापि धर्मादायापासून हक्कापर्यंतचे अंतर कापण्यास पुढे बराच काळ जावा लागला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९-क घालून मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले. होसकोट वि. महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यास निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळणे व अपिलासाठी वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग मानला, तर मुंबईतील पोलीस कोठड्यांमधील स्त्रियांच्या स्थितीवरून उद्भवलेल्या शीला बारसे खटल्यात (१९८३) अटकेची खबर विधी साहाय्य समितीस तत्काळ देण्याचा आदेश पोलिसांना दिला. अधिनियम प्रत्यक्ष अमलात आला तो मात्र ९ नोव्हेंबर १९९५ रोजी.

पात्रतेविषयी सर्वांत रूढ गैरसमज असा, की पिवळी शिधापत्रिका असल्याखेरीज हे साहाय्य मिळत नाही. वस्तुतः स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी व्यापार, वेठबिगारी वा आपत्तीचे बळी आणि अटकेत वा कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा लागू होते ती या वर्गांबाहेरील अर्जदारांना. उत्पन्नाविषयी अर्जदाराने केलेले शपथपत्र, त्यावर अविश्वास ठेवण्यास कारण नसल्यास, कायद्याने पुरेसे मानले आहे. दाव्यात वा बचावात प्रथमदर्शनी तथ्य असावे, म्हणजे कागद पाहताच तो अगदीच निराधार वाटू नये, एवढी अपेक्षा मात्र असते.

अर्ज न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात लेखी करता येतो, आणि लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे तेथील कर्मचारी वा विधी स्वयंसेवक (प्रशिक्षित, परंतु वकील नसलेला मदतनीस) उतरवून घेतो. १५१०० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरूनही विचारणा करता येते. मंजुरीनंतर समितीच्या नामिकेवरील, म्हणजे पॅनेलवरील, वकील नेमला जातो व न्यायालयीन शुल्क, टंकलेखन, नकला आणि भाषांतर यांचा खर्च समिती सोसते. या वकिलाने पक्षकाराकडून कोणतीही रक्कम घेणे निषिद्ध असून तशी मागणी झाल्यास अध्यक्षांकडे तक्रार करता येते. फौजदारी प्रकरणांतील आरोपींसाठी अनेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली असून तेथील वकील पूर्णवेळ हेच काम करतात. ‘मोफत’ या शब्दाची कक्षा मात्र न्यायालयीन खर्चापुरतीच आहे. तारखेपायी बुडणारी मजुरी तीत धरलेली नाही.

समिती लोकअदालतही भरविते. तेथील तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, परंतु त्या निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वीच नेमलेल्या वकिलाकडून त्यातील अटी समजावून घेणे इष्ट ठरते.